शिष्यत्व वर्ग घ्यायला सांगितलंय, पण मी त्या लायक वाटत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

राहणार नाशिक. शरणपूर रोडकडच्या एका मंडळीत (चर्चमध्ये) लहानाचा मोठा झालो, सातपूरला कंपनीत शिफ्ट ड्युटी. आमच्या पाळकसाहेबांनी (पास्टर) यंदा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, तरुण संघाचा शिष्यत्व वर्ग मी घ्यावा असं सांगितलंय. दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी, मार्काचं शुभवर्तमान (बायबलमधलं येशूच्या जीवनाचं पुस्तक), दहा-बारा पोरं.

वाचन-तयारीची भीती नाही. अडचण अशी की मोठ्याने प्रार्थना करायची म्हटली की गाडी अडते. "स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे उपकार मानतो..." इथवर ठीक. पुढे शब्दच फुटत नाही, आणि समोरचा एखादा पोरगा डोळा किलकिला करून बघतो, आमेन झालं की काय.

पण खरी बोच वेगळीच आहे. आमच्याकडे साक्षी (देवाने आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं) होतात त्या अशा: दारू सुटली, आजार बरा झाला, स्वप्नात प्रभू दिसला. माझं काय? ख्रिस्ती घरात जन्म, तान्हेपणी बाप्तिस्मा, शाळेत असताना दृढीकरण (बाप्तिस्म्याची स्वतः कबुली द्यायचा विधी), संपलं. अमुक दिवशी माझं तारण झालं असं बोट ठेवायला तारीख नाही. प्रार्थना महिनोन्‌महिने कोरडी जाते. अशा माणसाने पोरांना येशूच्या मागे चला म्हणून सांगायचं, हे ढोंग नाही का? त्यात आई म्हणते, "आजोबा कॅटेकिस्ट (धर्मशिक्षक) होते, सेवेला नाही म्हणू नये." झालं, अजून दडपण.

नाही म्हणावं का? आणि ही नम्रता आहे की पळवाट, हे ओळखायचं कसं? 'विश्वास वाढव' एवढंच लिहू नका, ते रविवारी ऐकतोच.

गोदाकाठची आत्या:
अरे बाळा, तारीख कशाला हवी? बायबलमधल्या पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याच्याकडे तरी कुठे होती! आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून विश्वास आला, असं पौल लिहितो (२ तीमथ्य १:५). पुढे लगेच भित्रेपणाबद्दल समजावतो, म्हणजे तीमथ्यही बिचकणाराच असणार. आणि आपल्या इथल्या जलालपूरच्या, 'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाई टिळक घे. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ ला, त्यांचा १९०० ला. मधली वर्षं रडण्या-भांडण्यात आणि विचारात गेली. एका रात्रीत काही झालं नाही. संडे स्कूलमध्ये मी कायम बघत आलेय, थरारक साक्षीपेक्षा वेळेवर येणारा शिक्षक मुलांच्या जास्त लक्षात राहतो.

मार्कवाचक:
नम्रता की पळवाट, याचं उत्तर बायबलमधल्या निर्गम ४ मध्ये बघा. देव मोशेला इस्राएल लोकांना सोडवायला पाठवतो, तेव्हा तो म्हणतो, मी जड जिभेचा. देव रागावत नाही, 'तोंड कोणी केलं?' असं विचारून सोबत राहण्याचं वचन देतो. मोशे पुढे म्हणतो, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. देवाचा राग भडकतो तो इथे, १३-१४ व्या वचनांत. म्हणजे 'मला जमत नाही' म्हणायला हरकत नाही, 'मला सोडा' ही पळवाट. आणि रागावूनसुद्धा देव त्याच्या भावाला, अहरोनाला, जोडीला देतोच! तेव्हा पाळकांकडे सुटका मागू नका, जोडीदार मागा.

दुसरं म्हणजे तुम्ही घेणार ते मार्कच. त्यात शिष्यांची काय अवस्था आहे बघा: येशूने भाकरींचा चमत्कार केला त्याचा अर्थ कळत नाही, वाटेत मोठा कोण यावरून वाद, येशूच्या अटकेच्या वेळी सगळे पसार. मुलाला घेऊन आलेला बाप तर विश्वास आणि अविश्वास एकाच दमात ओरडून सांगतो (९:२४), तरी मुलगा बरा होतो. येशूच्या रिकाम्या थडग्यापाशी निरोप मिळतो तो 'शिष्यांना आणि पेत्राला' सांगा असा (१६:७). येशूला 'ओळखत नाही' म्हणून नाकारणाऱ्या पेत्राचं नाव मुद्दाम घेतलंय. हे पोरांसमोर वाचताना निष्कलंक शिक्षक कशाला हवा?

मोठ्याने प्रार्थनेचं म्हणाल तर उपासनेच्या पुस्तकातली नेमलेली प्रार्थना सरळ वाचा. ती कमी दर्जाची नसते. कोरडेपणा असेल तर स्तोत्र १३ किंवा ८८ वाचा. ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

नाशिकरोडकर:
मी कॅथलिक, तरी बोलतो. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळजवळ पन्नास वर्षं देव जाणवत नव्हता, असं त्यांतून कळलं. काम चालूच होतं. एक मात्र विचारतो, झोप-जेवण ठीक आहे ना? नाइट शिफ्टने माणूस आतून वाळतो, ते सगळंच आत्मिक नसतं. तसं असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि यंदा नाही म्हणालात तरी बिघडत नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. झोपेचं खरं आहे, त्यावर बोलतो कुणाशी तरी. निर्गम ४ इतक्यांदा ऐकलंय, पण राग नेमका कुठे येतो हे कधी लक्षातच आलं नव्हतं. संघात एक ताई आहे, सुंदर प्रार्थना करते पण शिकवायला बिचकते. तिला विचारून उद्या पाळकांना फोन करतो. आत्या, पहिल्या शुक्रवारी सेकंड शिफ्ट आहे हो, वर्ग शनिवारी ठेवला तर पोरं येतील का?

गोदाकाठची आत्या:
शनिवारी क्रिकेट असतं. रविवारी उपासनेनंतर ठेव, आणि चहा-बिस्किटं आहेत असं आधीच सांग.