कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी हवी का? रोखे गेले, ट्रस्ट आले

गिरगावकर (धागाकर्ता)

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने निवडणूक रोखे, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन नाव जाहीर न करता पक्षाला देता येणारे रोखे, घटनाबाह्य ठरवले. कंपन्यांच्या पैशाचा मोठा नळ बंद झाला असं तेव्हा वाटलं होतं. २०२४-२५ चे हिशेब बाहेर आले आणि कळलं, पाणी तेच, फक्त पाट दुसरा. त्या एका वर्षात इलेक्टोरल ट्रस्टांनी (कंपन्यांकडून देणग्या घेऊन पक्षांना वाटणाऱ्या संस्था) पक्षांना ३,८०० कोटींच्या वर वाटले. आदल्या वर्षी हा आकडा १,२०० कोटींच्या आसपास होता. आणि त्यातले ८० टक्क्यांहून जास्त एकट्या भाजपला.

माझं म्हणणं सरळ आहे. कंपनीला मत नाही, मग तिने देणगी का द्यावी? १९६९ मध्ये कंपन्यांना राजकीय देणगी द्यायला कायद्यानेच बंदी होती, तीच परत आणा. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कंपन्यांच्या देणग्या बंद केल्या, २०१७ मध्ये तिथे सरकारी निवडणूक निधी उभा राहिला. आपल्यालाच काय अडचण आहे?

ताळेबंद

अडचण तुम्हीच सांगितलेल्या १९६९ मध्ये आहे, गिरगावकर. ब्राझीलने बंदीपाठोपाठ सरकारी निधी दिला. आपण नुसतीच बंदी घातली, पर्यायी पैसा शून्य. निवडणुका काही स्वस्त झाल्या नाहीत. मग पक्षांच्या स्मरणिका निघू लागल्या आणि त्यांत कंपन्यांच्या पानभर जाहिराती. उरलेलं ब्रीफकेसमधून. अखेर १९८५ मध्ये बंदी उठवावी लागली, सरासरी नफ्याच्या ५ टक्के अशी मर्यादा घालून. २०१३ च्या कंपनी कायद्यात ती साडेसात टक्के झाली.

आज कलम १८२ काय म्हणतं ते आधी बघू, कारण इथे अर्धे लोक समजतात की वाटेल तेवढं देता येतं. मागच्या तीन वर्षांच्या निव्वळ नफ्याची सरासरी काढायची, तिच्या साडेसात टक्के ही वर्षाची कमाल. नफा १२, १८ आणि १५ कोटी असेल तर सरासरी १५ कोटी, मर्यादा १ कोटी १२ लाख ५० हजार. मधल्या वर्षी तोटा असेल, समजा ६ कोटी नफा, ९ कोटी तोटा, १२ कोटी नफा, तर सरासरी ३ कोटी आणि मर्यादा साडेबावीस लाख. तीन वर्षांपेक्षा नवी कंपनी आणि सरकारी कंपनी काहीच देऊ शकत नाही. रोख चालत नाही. मर्यादा मोडली तर दिलेल्या रकमेच्या पाचपटीपर्यंत दंड आणि जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद.

२०१७ च्या वित्त कायद्याने या कलमाचे दोन दात काढले होते. साडेसात टक्के उडवले, म्हणजे बुडीत कंपनीही कोट्यवधी देऊ शकत होती. आणि कुठल्या पक्षाला दिले ते नफा-तोटा पत्रकात लिहायची गरज उरली नाही. न्यायालयाने दोन्ही दात परत बसवले. रोख्यांची चर्चा सगळ्यांनी केली, या दुरुस्तीकडे फारसं कुणी बघितलं नाही. माझ्या मते निकालाचा हा भाग जास्त मोलाचा आहे.

खडूस पंत

दात बसवले खरे, पण चावायचं कुणाला? मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. कुठल्याही तालुक्याच्या गावात प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात चक्कर मारा, मांडव, गाड्या आणि जेवणावळी मोजा, मग मला ४० लाखांचा हिशेब दाखवा.

रोख बंद म्हणता? कंपनीला बंद. पक्षाला नाही. २,००० पर्यंतची रोख देणगी पक्ष आजही घेऊ शकतो, आणि २०,००० च्या आतल्या देणगीदाराचं नाव निवडणूक आयोगाला कळवावं लागत नाही. एक कोटी रोख जिरवायचे तर २,००० च्या ५,००० पावत्या फाडायच्या. दोन कार्यकर्ते, एक दुपार. तुम्ही कलमं मोजत बसा.

मांडवीतीर

पंत, कलमं मोजायलाच हवीत, कारण गैरसोयीचं कलम चक्क मागल्या तारखेने बदलता येतं. आमच्या गोव्याशी जोडलेलं उदाहरण देतो. सेसा गोवा आणि स्टरलाइट या वेदांताच्या उपकंपन्या, आणि त्यांची मुख्य कंपनी इंग्लंडमध्ये नोंदलेली. त्यांनी काँग्रेस आणि भाजप दोघांनाही देणग्या दिल्या होत्या. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं, हा परकीय देणगी कायद्याचा भंग आहे, दोन्ही पक्षांवर सहा महिन्यांत कारवाई करा.

मग काय झालं? २०१६ च्या वित्त कायद्यात 'परकीय स्रोत' या शब्दाची व्याख्या बदलली. गुंतवणुकीच्या मर्यादेत परदेशी मालकी असेल तर ती कंपनी परकीय धरायची नाही. पण ही दुरुस्ती २०१० च्या कायद्याला होती आणि देणग्या १९७६ च्या जुन्या कायद्याखालच्या. भोक राहिलं. २०१८ च्या वित्त विधेयकात तेही बुजवलं, ५ ऑगस्ट १९७६ पासून लागू असं लिहून. लोकसभेत ते गोंधळात, चर्चेविना मंजूर झालं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पक्ष, दोघांचीही सुटका एकाच ओळीत.

सई क.

बंदी की परवानगी हा वाद दुय्यम आहे. माहिती कधी मिळते ते बघा.

पक्षाने २०,००० वरच्या देणग्यांची यादी नमुना २४-अ मध्ये आयोगाला द्यायची, आणि मुदत आहे प्राप्तिकर विवरणपत्राची. म्हणजे ३१ मार्चला वर्ष संपल्यावर साधारण ऑक्टोबरअखेर, मुदतवाढ मिळाली तर आणखी पुढे. आता हे २०२४ ला लावा. लोकसभेचं मतदान १९ एप्रिल ते १ जून, महाराष्ट्र विधानसभेचं २० नोव्हेंबर. एप्रिल ते नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेला प्रत्येक रुपया २०२४-२५ च्या यादीत, आणि ती यादी लोकांसमोर आली २०२५ च्या शेवटी. एप्रिलमधल्या देणगीसाठी दीड वर्ष! वरात गेल्यावर घोडं.

रोख्यांतही हीच खेळी होती. न्यायालयाने ६ मार्चपर्यंत माहिती मागितली, तर दोन दिवस आधी स्टेट बँक ३० जूनची मुदत मागायला गेली. निवडणुकीचा कार्यक्रम तेव्हा जाहीर व्हायचा होता, पण जूनअखेर सगळं आटोपलेलं असणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. कारण काय दिलं? २२,२१७ रोखे, विकत घेणाऱ्यांचे लिफाफे वेगळे, वटवणाऱ्यांचे वेगळे, दोन्ही मुंबईच्या मुख्य शाखेत सीलबंद, म्हणून ४४,४३४ नोंदी जुळवाव्या लागतील. ११ मार्चला न्यायालयाने झापलं, दुसऱ्या दिवशी याद्या दिल्या. त्यांत रोख्यांचे क्रमांक नव्हते. पुन्हा झापलं, २१ मार्चला क्रमांक आले आणि लोकांनी घरच्या लॅपटॉपवर काही तासांत जुळवणी केली.

ब्रिटनमध्ये पक्ष दर तिमाहीला देणग्या जाहीर करतात, आणि सार्वत्रिक निवडणुकीच्या काळात दर आठवड्याला. मला तेवढंच हवंय.

गिरगावकर

सईताई, आठवड्याला यादी आली तरी तीत काय असणार? 'अमुक ट्रस्टकडून ५०० कोटी.' ट्रस्टला कुणी दिले?

आणि कळून तरी काय होतं? मेघा इंजिनीअरिंगने एप्रिल २०२३ मध्ये १४० कोटींचे रोखे घेतले, पुढच्या महिन्यात ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं १४,४०० कोटींचं काम त्यांना मिळालं. सगळं छापून आलं. विशेष तपास पथकाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ ला फेटाळली. मग उत्तरदायित्व कुठे आहे?

ताळेबंद

दोन वेगळे मुद्दे आहेत.

बोगद्याचं आधी. तारखांचा क्रम म्हणजे पुरावा नव्हे. या कंपनीने एकूण ९६६ कोटींचे रोखे घेतले. भाजपला ५८४, तेलंगणाच्या बीआरएसला १९५, तमिळनाडूच्या द्रमुकला ८५, शिवाय इतरांना. जिथे ज्याचं राज्य, तिथे त्याला, असं चित्र दिसतं, पण एका रोख्याला एक कंत्राट बांधायचं तर निविदेच्या अटी, अपात्र ठरलेले स्पर्धक, अंदाजपत्रकाच्या वर-खाली आलेली बोली हे सगळं तपासावं लागतं. न्यायालयानेही एवढंच म्हटलं की फौजदारी कायद्याचे नेहमीचे मार्ग खुले आहेत, तिकडे जा. आणि यावर उपाय बंदीपेक्षा छोटा आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कंत्राटदाराला संघीय निवडणुकीत देणगी देता येत नाही. आपल्या कलम १८२ मध्ये अशी एक ओळसुद्धा नाही. ती घाला.

आता ट्रस्ट. २०१३ ची योजना आहे. वर्षात आलेल्या पैशाच्या ९५ टक्के ३१ मार्चच्या आत पक्षांना वाटायचे. ट्रस्ट आयोगाला दोन याद्या देतो, कुणी दिले आणि कुणाला गेले. एकाच उद्योगसमूहाचा ट्रस्ट असेल तर कोडं उरतच नाही. अनेक समूहांचा असेल तर कुणाचा रुपया कुठे गेला ते त्या दोन याद्यांवरून सांगता येत नाही.

आणि याहून बारीक गोम अशी. डिसेंबर २०१३ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने परिपत्रक काढलं. पक्षाला थेट दिलं तर हिशेबात पक्षाचं नाव लिहा, ट्रस्टमार्फत दिलं तर ट्रस्टला दिलेली रक्कम दाखवली की पुरे. न्यायालयाने परत बसवलेला तो दुसरा दात या परिपत्रकाने आधीच बोथट करून ठेवलाय. त्याला संसदेत जायची गरज नाही. मंत्रालयाने काढलंय, मंत्रालय एका सहीने मागे घेऊ शकतं.

खडूस पंत

चला, पहिल्यांदाच ताळेबंदांशी सहमत. पण कंपनीचे मालक कोण? भागधारक. म्हणजे म्युच्युअल फंडाच्या एसआयपीतून तुम्ही-आम्हीच. आम्हाला कुणी विचारतं का?

ताळेबंद

नाही विचारत. संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव झाला की काम झालं, सर्वसाधारण सभा लागत नाही. पब्लिक कंपनी तो ठराव एमजीटी-१४ नमुन्यात निबंधकाकडे पाठवते, पण २०१५ च्या दुरुस्तीने असे ठराव बाहेरच्या माणसाला बघायला किंवा नक्कल मागायला बंद केले. ब्रिटनमध्ये १२ महिन्यांत ५,००० पौंडांच्या वर द्यायचं असेल तर भागधारकांचा ठराव लागतो. इथे तुमचं माझं जुळतंय, पंत. मेहरबानी करून स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मांडवीतीर

एखाद्या कंपनीने काय दिलं ते आपलं आपण तपासायचं तर कुठून सुरुवात करायची? बातमीवर न विसंबता.

ताळेबंद

१. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पक्षाचा त्या वर्षाचा देणगी अहवाल, म्हणजे २४-अ, उतरवून घ्या. कंपनीचं नाव थेट दिसलं तर काम सोपं.
२. नसेल तर तिथेच इलेक्टोरल ट्रस्टांचे वार्षिक अहवाल आहेत. देणाऱ्यांच्या यादीत कंपनी शोधा, तारीख आणि रक्कम टिपून ठेवा. त्याच तारखेच्या आसपास ट्रस्टने कुणाला धनादेश दिला तेही बघा. तेवढ्यावर खात्री देता येत नाही, पण दिशा कळते.
३. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरले की कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं दिसतात. त्यांतलं एओसी-४, म्हणजे वार्षिक हिशेबाचा नमुना, उघडा, जोडपत्रात 'इतर खर्च' ची टीप बघा. राजकीय देणगी बहुधा तिथेच बसलेली असते.
४. मागच्या तीन वर्षांचा नफा घेऊन साडेसात टक्क्यांचा हिशेब करा.

सई क.

यात एक खड्डा आहे. बरेच २४-अ अहवाल स्कॅन केलेले असतात, त्यांत शोध चालत नाही, पानं डोळ्यांनी चाळावी लागतात. एकाच कंपनीचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, कुठे 'प्रा. लि.', कुठे 'प्रायव्हेट लिमिटेड', कुठे नुसतं समूहाचं नाव. नावावरून जुळवू नका. २४-अ मध्ये पॅनचा रकाना आहे, तो भरलेला असेल तर त्यावरूनच जुळवा. रिकामा असेल तर पत्ता घ्या आणि पोर्टलवरच्या नोंदणीकृत पत्त्याशी ताडून बघा. आणि समूहाच्या उपकंपन्या विसरू नका. साडेसात टक्क्यांची मर्यादा प्रत्येक कंपनीला वेगळी लागते, त्यामुळे पाच उपकंपन्या असल्या तर पाचही तपासाव्या लागतात.