बर्फ हिरवा का दिसतोय? आणि संवाद कुठे गेले?

धुक्यातला वाटसरू:
मंडळी, डोकं भणभणलंय. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग काल पुन्हा लावला. विस्तारित आवृत्तीची २०११ची ब्लू-रे. सगळे बर्फाचा डोंगर चढतात ना, तिथला बर्फ चक्क हिरवट. टीव्हीचे सगळे पिक्चर मोड फिरवून पाहिले, हिरवा तो हिरवाच. आवाजाची तर वेगळीच तऱ्हा. कुजबुज सुरू झाली की आवाज ३५वर न्यायचा, तलवारी उपसल्या की धावत १८वर आणायचा. तीन तास रिमोट हातातून सुटला नाही. आतून आई दोनदा ओरडली. स्पीकरना आवाज वाटून देणारा रिसीव्हर आहे, पाच स्पीकर आणि सबवूफर आहे, तरी ही गत. बिघडलंय काय?

जुना प्रोजेक्टरवाला:
टीव्हीला बोल लावू नका. त्या डिस्कवर हिरवट झाक आहेच, तेव्हाही त्यावरून बराच गदारोळ झाला होता. २०२०च्या ४के (जास्त बारीक चित्राच्या) आवृत्तीत रंग नव्याने बसवले, ती झाक गेली. पण लगेच उड्या मारू नका. तिथे फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रावरची मूळ बारीक खरखर, इतका पुसलाय की जवळून घेतलेले काही चेहरे मेणाचे वाटतात. शिवाय त्या काळी स्पेशल इफेक्ट्स २केमध्येच, म्हणजे ४केपेक्षा कमी बारकाव्यात, झाले, त्यामुळे राक्षसांच्या अंगावर जास्तीचे बारकावे येणार कुठून? खरा फायदा एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या तंत्राचा: मशालींचा उजेड, खाणीतला अंधार.
आणि हो, टीव्हीचं मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम्स स्वतः बनवून भरणारी सोय) आधी बंद करा. सेकंदाला २४ फ्रेम्सचा सिनेमा त्याने मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

धुक्यातला वाटसरू:
बंद केलं. हायसं वाटलं. पण हाच भाग स्ट्रीमिंगवर लावला तर धुक्यात पट्टे दिसतात, पायऱ्या पायऱ्या. डिस्कवर इतके नाहीत.

जुना प्रोजेक्टरवाला:
डेटा कमी पडतो. ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते, स्ट्रीमिंगवर त्याहून बरीच कमी. धूर, धुकं, पाणी इथेच पहिली काटछाट होते.

कानसेन:
आता आवाजाचं. प्लेअरच्या मेनूत सेकंडरी ऑडिओ किंवा बीडी ऑडिओ मिक्स (कॉमेंटरी, मेनूचे आवाज मूळ आवाजात मिसळणारी सोय) असं काही असेल तर बंद करा. चालू असेल तर बरेच प्लेअर काहीही न गाळलेल्या मूळ लॉसलेस ट्रॅकऐवजी डेटा कमी केलेला आवाज पाठवतात. आउटपुट बिटस्ट्रीम ठेवा, म्हणजे आवाज न उलगडता तसाच रिसीव्हरकडे जाईल. रात्री पाहत असाल तर रिसीव्हरवर डायनॅमिक रेंज (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर) कमी करा, म्हणजे आईही झोपेल. पण त्याआधी एक सांगा: बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. तुमचा तो स्पीकर नेमका कुठे ठेवलाय?

धुक्यातला वाटसरू:
टीव्हीखालच्या खणात. का?

कानसेन:
खणाला दार आहे?

धुक्यातला वाटसरू:
...काचेचं. बंद होतं. धूळ बसते म्हणून मीच लावतो.
दार उघडलं, स्पीकर पुढच्या कडेपर्यंत ओढला, खाली पुठ्ठ्याची घडी घालून तोंड कानाच्या दिशेला वर केलं. शिवाय रिसीव्हरवर मधला चॅनेल ३ डेसिबल वाढवला. आता २५वर अख्खा सिनेमा निघतो. ऑडिओ मिक्सही चालूच सापडला, तो बंद केला.
बर्फ मात्र अजून हिरवाच आहे.