शेण दोनच जनावरांचे असले तरी

दोन म्हशींच्या शेणावर गोबरगॅस चालत नाही, हे मत मला पटत नाही. १ घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला रोज सुमारे २५ किलो ताजे शेण लागते, आणि आमच्या मोहोळकडच्या गोठ्यातील दोन पंढरपुरी म्हशी तेवढे देतात. काडीकचरा हाताने वेचून, शेणाइतकेच पाणी घालून ते कालवले, की सकाळचा चहा आणि भाजी निळ्या ज्योतीवर होते. सोलापूरचे ऊन मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू, तयार करणाऱ्या जिवाणूंना मानवते. थंडीत मात्र गॅस घटतो. माझ्या मते खरी कमाई स्लरीची, म्हणजे गॅस निघाल्यावर संयंत्रातून बाहेर येणाऱ्या पातळ शेणखताची आहे. गोवऱ्या जाळल्या की शेणातील नत्र (नायट्रोजन, पिकाचे अन्न) धुराबरोबर जाते, स्लरीत ते बरेचसे टिकते, आणि उसाचे पाचट (वाळलेली पाने) न पेटवता सरीत पसरून त्यावर स्लरी सोडली, तर पाचट लवकर कुजते.