पासच्या किमतीत आरक्षण धरलंय का?

तुम्ही विचारलेल्या पॅरिस–झुरिक–साल्झबर्ग–व्हिएन्ना या रेल्वेसहलीच्या बेताला 'युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास) घ्या नि कुठल्याही गाडीत बसा' असा सल्ला कुणीतरी दिलाय. तो अर्धाच खरा आहे. फ्रान्सची टीजीव्ही, युरोस्टार, इटलीची फ्रेचारोसा, स्पेनची एव्हीई या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. पॅरिस–झुरिक टीजीव्हीत तर पासधारकांच्या जागाही मोजक्याच, त्यामुळे ती आधी पक्की करा, मग हॉटेलं. पुढे मात्र मजा आहे! स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियातल्या बहुतेक गाड्यांत आरक्षणाची सक्ती नाही. झुरिकहून साल्झबर्गला जाताना आल्प्समधला आर्लबर्गचा घाट दिवसाउजेडीच बघा, रात्रीची गाडी तिथे नकोच.

तुमची मुलं ११ वर्षांपर्यंतची असतील तर मोठ्यांबरोबर त्यांचा पास फुकट निघतो (एका मोठ्यामागे दोन मुलं), पण तो आपणहून मागावा लागतो. आईबाबा साठीपुढचे असल्यास त्यांनाही सवलत आहे.

आणि तीनच लांबचे प्रवास असतील, तारखाही ठरलेल्या असतील, तर ऑस्ट्रियन रेल्वेची 'श्पारशीन' नावाची सवलतीची तिकिटं आधी बघाच. लवकर काढली तर पासपेक्षा पुष्कळ स्वस्त पडू शकतात. फक्त ठरलेली गाडी चुकवायची नाही.