चेंबर ऑर्केस्ट्राचा नवा म्युझिक डायरेक्टर: चार तालमींत माणूस कळतो का?

खालचा_षड्ज

आधी शब्दाचा घोळ मिटवू. चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणारा छोटा वृंद. इथे म्युझिक डायरेक्टर म्हणजे चाली लावणारा नव्हे. हंगामाचे कार्यक्रम ठरवणारा, वादकांच्या निवडीत शेवटचा शब्द असणारा आणि वर्षातले काही आठवडे समोर उभं राहून हाताच्या इशाऱ्यांनी वृंदाला वाजवायला लावणारा कंडक्टर.

लॉस एंजेलिस चेंबर ऑर्केस्ट्राचं उदाहरण घ्या. जेफ्री कहेन २० हंगामांनंतर २०१७ मध्ये बाजूला झाले, हाइमे मार्टिन यांची निवड २०१८ मध्ये जाहीर झाली आणि त्यांनी सूत्रं घेतली २०१९ मध्ये. याला मी दिरंगाई म्हणणार नाही, कारण चांगल्या कंडक्टरची डायरी दोन-तीन वर्षं आधीच भरलेली असते.

माझा आक्षेप निवडीच्या परीक्षेला आहे. उमेदवार पाहुणा म्हणून येतो, अडीच-अडीच तासांच्या चार तालमी घेतो, मग मैफल. विश्रांती वजा जाता नऊ तास. त्यात कॉन्चेर्तोचा (एकल वादक आणि वृंद यांच्या रचनेचा) सोलोइस्ट, म्हणजे तो एकल वादक, शेवटच्या दोन तालमींना उगवतो आणि त्यातली एक जवळजवळ खाऊन टाकतो. सिंफनी उमेदवाराच्या हातखंड्याची. टाळ्या पडतात आणि त्या कानात असतानाच वादक उमेदवाराबद्दलची प्रश्नावली भरतात. यात सोलोइस्टचे गुण किती आणि उमेदवाराचे किती, ते कोण वेगळं काढणार?

म्हणून प्रश्नावली दोनदा, निनावी: दुसऱ्या तालमीनंतर आणि मैफलीनंतर. शेवटच्या तिघांना पुन्हा बोलवा आणि तेव्हा रचना निवड समितीने ठरवावी. शूबर्टची पाचवी द्या: एक फ्लूट, दोन ओबो, दोन बासून, दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं. ट्रम्पेट नाहीत, टिंपनी (मोठे नगारे) नाही, लपायला जागा नाही. जोडीला रिचर्ड श्ट्राउसचं ‘मेटामॉर्फोझेन’, २३ स्वतंत्र तंतुवाद्यांचं. तोल सांभाळता येतो की नुसते हात हलतात, ते लगेच दिसेल.

सुटा_सूर

रोग बरोबर ओळखलात, पण औषध चुकलं. मुळात पदच कशाला हवं? अमेरिकेतल्या सेंट पॉल चेंबर ऑर्केस्ट्राने २००४ मध्ये ते मोडीत काढून ‘आर्टिस्टिक पार्टनर’ आणले. एकाच वेळी अनेक जण, प्रत्येकाला मोजके आठवडे. जुन्या संगीताला एक, नव्याला दुसरा. न्यूयॉर्कचा ऑर्फियस तर १९७२ पासून कंडक्टरशिवाय वाजवतोय. तिथे कॉन्सर्टमास्टर (पहिल्या खुर्चीतला व्हायोलिनवादक) रचनेनुसार बदलतो. प्रत्येक विभागातले मोजके वादक आधी एकत्र बसून गती आणि आघात ठरवतात, पूर्ण वृंद त्यानंतर बसतो.

खुर्ची_क्रमांक_१२

ऑर्फियसचं नाव घेताना तासांचा हिशेबही द्या. गती मिनिटाला ११२ ठोके ठेवायची की १२०, हे कंडक्टर पहिल्या ठोक्यात सांगतो. बारा जणांनी ठरवायचं तर वीस मिनिटं गेलीच. एक तालीम वाढवायची म्हणजे सगळ्यांचं मानधन वाढतं. आकडा हवा? पहिली व्हायोलिन ८, दुसरी ६, व्हायोला ५, चेलो ४, डबल बास २, लाकडी सुषिरवाद्यं ८, हॉर्न २, ट्रम्पेट २, टिंपनी १. अशा वृंदात एकूण ३८.

त्याहून अवघड प्रश्न: नवा ओबोवादक परीक्षाकाळात आहे, त्याला कायम करायचं का? शेजारच्या खुर्चीने नाही म्हणायचं आणि मग तीस वर्षं दोघांनी एकत्र सूर जुळवायचे? हा वाईटपणा घ्यायला बाहेरचा माणूस लागतो. शिवाय सेंट पॉलमध्ये २०१२-१३ ला टाळेबंदी झाली आणि वादकसंख्या ३४ वरून २८ वर आली. कारण पैसा होता, मान्य. पण तेव्हा वादकांच्या बाजूने बोलणारं वजनदार कोणी होतं का?

सुटा_सूर

नदीपलीकडे मिनियापोलिसमध्ये होतं की. मिनेसोटा ऑर्केस्ट्राची टाळेबंदीही २०१२ मध्येच सुरू झाली, आणि सेंट पॉलपेक्षा कितीतरी लांबली. ओस्मो वान्स्का यांच्यासारखा म्युझिक डायरेक्टर असूनही. शेवटी २०१३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तेव्हाही कुलूप उघडलं नव्हतं. (पुढे ते परतले, ती गोष्ट वेगळी.) ओबोवाल्याचा मुद्दा मात्र मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

समासातली_पेन्सिल

दोघेही तालमीपासून सुरुवात करताय. परीक्षा त्याच्या काही आठवडे आधी, वृंदाच्या स्वरलिपींच्या लायब्ररीत सुरू होते. उमेदवार तंतुवाद्यांच्या पार्ट्सवर (प्रत्येक वाद्याच्या छापील स्वरलिपीवर) गजाच्या खुणा कधी पाठवतो ते बघा. वर-खाली गज, कुठे उचलायचा, कुठे एकाच गजात चार स्वर. खुणा वेळेत आल्या तर लायब्रेरियन त्या सगळ्या स्टँडवर उतरवतो, वादक घरी बसवून येतात. आदल्या दिवशी आल्या तर पहिल्या तालमीचा पाऊण तास पेन्सिली चालवण्यात जातो आणि दोष मात्र वृंदाच्या माथी येतो. समितीने लायब्रेरियन आणि मंच-व्यवस्थापकाचं लेखी मत घ्यावं. सहसा त्यांना कोणी विचारतच नाही.

आणि डायरीबद्दल. लॉस एंजेलिसचे मार्टिन २०१९ मध्येच डब्लिनच्या एका वृंदाचे आणि २०२२ पासून मेलबर्न सिंफनीचेही प्रमुख कंडक्टर झाले. कॅलिफोर्निया आणि मेलबर्न! करारात आठवड्यांच्या संख्येबरोबर लोकांसमोर यायचे आणि नव्या वादकांच्या चाचण्यांचे दिवसही तारखांसकट लिहून घ्या. ते राहून गेलं तर चाचणीसाठी पडद्याआड वादक तयार आणि डायरेक्टर विमानात.

खर्जातला_बास

कंडक्टर की कोणीच नाही, एवढे दोनच पर्याय का? लंडनच्या अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स या वृंदाचे म्युझिक डायरेक्टर २०११ पासून जोशुआ बेल, पहिल्या खुर्चीत बसून व्हायोलिन वाजवत नेतात. बेथोवनची चौथी आणि सातवी सिंफनी अशीच ध्वनिमुद्रित केली. अर्थात गजाने इशारा करायचा तर मागच्या हॉर्नवाल्यांना तो दिसला पाहिजे, म्हणून बैठक बदलावी लागते. अचानक थांबे आणि बदलते ताल असलेल्या नव्या रचनेत हा प्रकार महाग पडतो.

बाकी षड्ज, तुमच्या ‘मेटामॉर्फोझेन’ला १० व्हायोलिन, ५ व्हायोला, ५ चेलो आणि ३ बास लागतात. १२ नंबरच्या यादीत चेलो ४ आणि बास २. म्हणजे नेमक्या परीक्षेच्या आठवड्यात दोन माणसं भाड्याची, तीही तिन्ही उमेदवारांना बहुधा वेगवेगळी. आणि चार व्हायोलिनवाले बाहेर.

खालचा_षड्ज

चूक कबूल. मग स्ट्राविन्स्कीचं ‘डम्बार्टन ओक्स’ घ्या. १५ वादक, सगळे घरचे. ताल सतत बदलतो, म्हणजे हातही तपासले जातील.

खर्जातला_बास

चालेल. फक्त त्या तालमीला २३ जण घरी असतील आणि तुमची प्रश्नावली भरतील ३८.