आल्याचा परफ्यूम त्वचेवर टिकत नाही, काय करावं? (मदत हवी आहे)

परफ्यूमची जाण असलेल्यांची मदत हवी आहे.

आल्याचा वास मुख्य असलेला एक ओ द त्वालेत (परफ्यूमचा हलका प्रकार) सध्या वापरतेय. फवारल्यावर जो पहिला वास येतो तो मला फार आवडतो: नुकतंच किसलेलं आलं, त्यात लिंबाच्या सालीचा आंबटपणा, मागे किंचित मिरी. नाकाला झोंबत नाही, पण तरतरी येते. गोड परफ्यूमने माझं डोकं चढतं, त्यामुळे हा सापडला तेव्हा खरंच आनंद झाला होता.

अडचण अशी की अर्ध्या तासात आलं गायब. मनगटावर उरतो तो गोडसर, साबणासारखा कस्तुरीचा वास आणि तळाशी थोडं देवदार. वाईट नाही, पण मी तो त्यासाठी घेतला नव्हता. कागदी पट्टीवर तेच आलं बराच वेळ ओळखू येतं, सुती कापडावर त्याहूनही जास्त. माझी त्वचा कोरडी आहे, आणि कोपराच्या आतल्या बाजूला तर वास मनगटापेक्षाही लवकर उडतो.

हा त्वचेचा दोष, परफ्यूमच्या बांधणीचा, की माझं नाकच त्या वासाला सरावतं? आणि खाली मॉइश्चरायझर लावला तर तो तिखटपणा बोथट होईल का? मला मुख्य भीती त्याचीच आहे.

प्रतिसाद

तिन्ही कारणं थोडीथोडी आहेत, पण सगळ्यात मोठा वाटा आल्याचा स्वतःचाच. तुम्हाला आवडणारा ताजेपणा मुख्यतः सिट्राल, लिमोनीन, सिनिओल यांसारख्या हलक्या रेणूंचा असतो. कागद थंड, त्वचा उबदार. त्यामुळे अंगावरून ते आधी उडतात. आल्याच्या तेलातलं झिंजिबेरीन त्यांच्यापेक्षा जड, ते मागे राहतं. पण त्याचा वास लाकडाकडे, सुंठेकडे झुकणारा. जिभेला झोंबणारं जिंजेरॉल तर वाफेवर काढलेल्या तेलात जवळजवळ उतरतच नाही. कार्बन डायऑक्साइडने काढलेल्या अर्कात ते येतं, म्हणून तो अर्क खऱ्या आल्याच्या जास्त जवळचा वाटतो.

कोरड्या त्वचेवर वास धरून ठेवायला तेलकटपणा कमी पडतो. बिनवासाचा मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्या, तो मुरू द्या, मग फवारा. पहिला झटका जरा मऊ होईल हे खरं, पण उडणं मंदावेल. माझ्या मते हा सौदा परवडतो. नाकाचं म्हणाल, तर थोडा वेळ मोकळ्या हवेत जाऊन या आणि पुन्हा हुंगा, किंवा सरळ दुसऱ्या कुणाला विचारा.

एक सांगायलाच हवं. त्वचेला खाज किंवा लाली आली तर वास टिकवायच्या नादात जास्त फवारू नका. सिट्राल आणि लिमोनीन काहींना सोसत नाहीत, आणि हवा लागून जुनं झालेलं लिमोनीन जास्त त्रास देतं. युरोपात त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात त्यांचं प्रमाण 0.001 टक्क्यांच्या वर असेल तर वेष्टनावर नाव छापावंच लागतं, त्यामुळे तपासणं सोपं आहे. बाटली उन्हापासून लांब ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. खाज नाही, लालीही नाही. मॉइश्चरायझर लावून बघते. पण तुमच्या उत्तरावरून वाटतं की आलं जिथे सुंठेकडे आणि पुढे वाळ्याकडे जातं, कस्तुरीकडे नाही, असा परफ्यूम मला जास्त मानवेल. एर्मेस या फ्रेंच ब्रँडच्या ‘अं जार्दां आप्रे ला मूसों’ या परफ्यूममध्ये (2008, बनवणारे झाँ-क्लोद एलेना) आलं, वेलदोडा, मिरी आणि वाळा आहे असं वाचलं. कोरड्या त्वचेवर तो कुणी वापरलाय का? तासाभराने त्यात आलं जाणवतं, की नुसता वाळा उरतो?