एकदा नॉर्मल आलं म्हणून विषय संपत नाही

‘डोळ्यांपुढे तरंगणारे ठिपके वयाबरोबर सगळ्यांनाच दिसतात, एकदा तपासून घ्या आणि विसरून जा’ असं काही जण म्हणतात. जुन्या, ओळखीच्या ठिपक्यांपुरतं मान्य. डोळ्यातली जेली वयाबरोबर पातळ होते, तिच्यातले तंतू एकत्र गोळा होतात आणि त्यांची सावली डोळ्याच्या आत मागे असलेल्या पडद्यावर (रेटिनावर) पडते. म्हणून तर पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की ते जास्त जाणवतात, आणि नजर वळवली की मागून सरकत येतात. पण ‘एकदा तपासून’ हे पटत नाही. ही जेली पडद्यापासून सुटत असताना एखाद्या जागी पडद्याला चीर पडू शकते, आणि ती पहिल्या तपासणीनंतरही पडू शकते. त्यामुळेच मला सगळं नॉर्मल सांगूनही डॉक्टरांनी काही आठवड्यांनी पुन्हा बोलावलं होतं.

मधल्या काळात रोज एकेक डोळा झाकून बघत होतो, कारण दोन्ही उघडे असले की एकाची कमतरता दुसरा झाकून टाकतो. अचानक ठिपक्यांचा थवा, कडेला वीज चमकल्यासारखा उजेड किंवा एका बाजूने सरकणारी काळी सावली दिसली, तर त्याच दिवशी जायचं. दुखत नाही म्हणून थांबू नका, पडद्याला दुखणं कळतच नाही. नुसती चीर असेल तर बहुतेक वेळा लेझरवर भागतं, पडदा सुटला की ऑपरेशन. मायनस नंबर जास्त असलेल्यांनी किंवा मोतीबिंदू काढलेल्यांनी तर चालढकल नकोच. आणि हो, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहायला सांगा, नुसता चष्म्याचा नंबर काढून यात काही कळत नाही. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवत जाऊ नका.